रबरी शिक्क्यांनी शुभेच्छापत्र : पहिल्या ठशापासून लिफाफ्यापर्यंत

शिक्के वापरून शुभेच्छापत्र करायला बसलेली नवखी व्यक्ती बहुधा आधी जाड कागद दुमडून कार्ड तयार करते, मग त्याच्या दर्शनी भागावर थेट शिक्का उमटवते, आणि ठसा जरासा तिरका पडला किंवा बोट लागून शाई पसरली की अख्खे कार्ड बाजूला टाकते. दोन-तीनदा असे झाले की हे काम आपल्या हाताला जमणारे नाही, असा समज होतो आणि शिक्के कपाटात जातात. वास्तविक हात चुकलेला नसतो, क्रम चुकलेला असतो. चित्र नेहमी कागदाच्या सुट्या तुकड्यावर उमटवावे, ते मनासारखे जमल्यावर रंगवावे, नेमक्या मापात कापावे आणि सर्वांत शेवटी कार्डावर चिकटवावे. एवढा एक नियम पाळला तर चूक झाली तरी तळहाताएवढा कागद वाया जातो, कार्ड शाबूत राहते आणि पुन्हा प्रयत्न करण्याची धास्ती उरत नाही. पुढची सगळी कृती मी याच क्रमाने मांडली आहे. हातात धरायच्या वस्तूला मी शिक्का म्हटले आहे आणि कागदावर उमटणाऱ्या चित्राला ठसा.

साहित्याची सुरुवात

पहिल्या कार्डासाठी फार थोडे लागते : चित्राचा एक शिक्का, ‘शुभेच्छा’ किंवा ‘मनःपूर्वक आभार’ अशा मजकुराचा एक शिक्का, काळ्या शाईचा एक पॅड, दोन प्रकारचा कागद, धारदार कटर, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट आणि चिकटवण्यासाठी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. डाय कटिंग मशीन (धातूच्या साच्याने कागदाचे आकार कापणारे यंत्र), कागदावर उठावाची नक्षी पाडणाऱ्या फोल्डरांचे संच आणि वीस रंगांच्या शाया यांचा मोह सुरुवातीला टाळावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एकच पानाचा शिक्का गडद, फिकट, उलटसुलट, एकमेकांवर आणि उठावदार अशा किती तऱ्हांनी वापरता येतो हे कळल्यावर पुढची खरेदी आपोआप विचारपूर्वक होते.

शिक्के साधारणपणे तीन प्रकारचे मिळतात. लाकडी ठोकळ्यावर बसवलेल्या रबरी शिक्क्यात रबर आणि लाकूड यांच्यामध्ये फोमचा पातळ थर असतो, त्यामुळे दाब सगळीकडे सारखा जातो. दुसऱ्या प्रकारात रबर तेच असते, पण ते पारदर्शक ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर तात्पुरते चिकटवून वापरायचे असते. तिसरा प्रकार फोटोपॉलिमर या मऊ प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या पारदर्शक शिक्क्यांचा. शिक्का कागदावर नेमका कुठे बसतो आहे हे त्यांच्या आरपार दिसते, म्हणून नवशिक्यांना ते सोयीचे वाटतात. मात्र नवा पारदर्शक शिक्का गुळगुळीत असतो आणि त्याच्यावर शाई थेंबाथेंबांनी गोळा होते, त्यामुळे वापरण्यापूर्वी त्याच्या पृष्ठभागावरून खोडरबर अगदी हलक्या हाताने फिरवून घ्यावे. बारीक रेघांच्या चित्रासाठी मी आजही रबरच पसंत करते. कच्चे रबर उष्णतेने चिकट होते आणि थंडीत कडक पडते. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने ते स्थिर करण्याची रीत शोधली, आणि केसासारखी रेघ वर्षानुवर्षे न झिजता टिकवून धरणारा शिक्का त्या रीतीमुळेच शक्य झाला.

कागद आणि घडी

कागदाचे वजन जीएसएम या मापात सांगितले जाते, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. छपाईचा नेहमीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो आणि त्याचे कार्ड उभे राहत नाही. कार्डाच्या मूळ घडीसाठी २२० ते ३०० जीएसएमचा कागद घ्यावा, तर वर चिकटवायच्या थरांसाठी १२० ते २०० जीएसएम पुरे होतो. ठसा उमटवायचा कागद गुळगुळीत असावा, कारण खरखरीत कागदाच्या खळग्यांत शाई पोचत नाही आणि रेघा तुटक दिसतात.

ए-४ आकाराचा कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो. त्याची लांबी मधोमध कापली की दोन तुकडे मिळतात, आणि प्रत्येक तुकडा २१० मिलिमीटरच्या बाजूने निम्मा दुमडला की साधारण १०५ × १४८ मिलिमीटरचे कार्ड तयार होते, जे सी-६ मापाच्या, म्हणजे ११४ × १६२ मिलिमीटरच्या लिफाफ्यात सहज बसते. एका कागदात दोन कार्डे होतात आणि वाया काहीच जात नाही.

येथे एक बाब सहसा कोणी सांगत नाही, पण कार्डाची सफाई तिच्यावर अवलंबून असते. कारखान्यात कागद तयार होताना त्यातील तंतू बहुतांशी एकाच दिशेने बसतात, आणि त्या दिशेला समांतर घातलेली घडी सुबक येते, तर तंतूंना आडवी घातलेली घडी फाटल्यासारखी, पांढरट कडेची दिसते. दिशा ओळखण्यासाठी कागद न मोडता एकदा उभा आणि एकदा आडवा वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो कमी विरोध करत वाकतो, त्या वाकणाला समांतर त्याचे तंतू असतात. ए-४ कागदात तंतू अनेकदा लांब बाजूला समांतर असतात. तसे असेल, तर वर सांगितलेली घडी तंतूंच्या दिशेनेच पडते. उलट तोच कागद उभा चिरून दोन लांब पट्ट्या केल्या आणि त्या मध्ये दुमडल्या, तर घडी तंतूंना आडवी जाते. माझी सुरुवातीची कितीतरी कार्डे अशी घडीवर तडकलेली होती आणि मी दोष कागदाच्या दर्जाला देत होते.

जाड कागद नुसत्या बोटांनी कधीही दुमडू नये. घडीच्या जागी पट्टी ठेवून बोन फोल्डरच्या (घडी दाबण्याच्या चपट्या, बोथट साधनाच्या) टोकाने किंवा शाई संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून ओढावी. कागदाच्या एका बाजूला खाच पडते आणि दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा येतो. घडी घालताना खाच बाहेरच्या बाजूला आणि उंचवटा आत राहील असे दुमडावे. पहिल्यांदा हे उलटे वाटते, पण जाड कागदाची बाहेरची कड अशाच घडीत कमी तडकते. नंतर बोन फोल्डरची सपाट बाजू घडीवरून एकदाच ठामपणे फिरवावी.

कापताना कटर एकाच दणक्यात आरपार नेण्याचा प्रयत्न करू नये. पट्टी घट्ट धरून दोन-तीन हलक्या फेऱ्या मारल्या तर कड सरळ राहते. कागदाची कड लोकरीसारखी पिंजल्यासारखी दिसू लागली की पात्याचे टोक बदलण्याची वेळ झालेली असते. पट्टी नेहमी आपल्याला हव्या असलेल्या भागावर ठेवावी, म्हणजे पाते घसरले तरी ते टाकाऊ भागात जाते.

शाईची निवड

शिक्क्याच्या कामातल्या निम्म्या अडचणी शाईच्या चुकीच्या निवडीतून येतात. डाय शाई (येथे डाय म्हणजे विरघळलेला रंग, कापण्याचा साचा नव्हे) पातळ असते, कागदात मुरते आणि लवकर वाळते. नेहमीच्या ठशांसाठी ती उत्तम, पण ती बहुधा पारदर्शक असल्याने गडद कागदावर दिसत नाही आणि उजेडात कालांतराने फिकी पडू शकते. पिगमेंट शाई दाट असते, कागदाच्या वर बसते आणि सावकाश वाळते. गडद कागदावर ती उठून दिसते, आणि तिच्या सावकाश वाळण्याचाच उपयोग पुढे उठावाच्या कामात होतो. गुळगुळीत, चकचकीत कागदावर किंवा पारदर्शक प्लास्टिकवर ठसा उमटवायचा असेल तर सॉल्व्हंट शाई लागते, कारण इतर शाया तेथे पुसल्या जातात.

ठसा रंगवायचा असेल, तर कशाने रंगवायचा हे आधी ठरवून त्यानुसार शाई निवडावी. जलरंगासाठी रेघ पाण्यात न विरघळणारी हवी, नाहीतर ब्रश फिरताच काळा रंग पाकळीत उतरतो. अल्कोहोल मार्करसाठी सॉल्व्हंट शाई चालत नाही, कारण मार्करमधील अल्कोहोल ती रेघ विरघळवते. तेथे अल्कोहोलला न फुटणारी डाय शाई घ्यावी. रंगीत पेन्सिलींना मात्र बहुतेक कोणतीही वाळलेली शाई चालते, आणि नवख्या व्यक्तीने तेथूनच सुरुवात करावी हे बरे. पॅडवर काय लिहिले आहे यापेक्षा त्याच कागदाच्या एका तुकड्यावर ठसा उमटवून, पाच मिनिटे थांबून, त्यावर तोच रंग फिरवून पाहणे अधिक भरवशाचे असते.

ठसा उमटवणे

सुटा तुकडा अंतिम मापापेक्षा चारी बाजूंनी सुमारे एक सेंटीमीटर मोठा घ्यावा. ठसा किंचित बाजूला सरकला तरी नंतर कापताना तो मधोमध आणता येतो.

शिक्का टेबलावर चित्राची बाजू वर करून ठेवावा आणि पॅड उलटा धरून त्यावर हलके हलके टेकवावा. आपण सवयीने शिक्का पॅडवर दाबतो, पण तसे केल्याने रेघांच्या मधल्या खोलगट जागेत आणि कडांना शाई लागते आणि ठशाभोवती डाग उमटतात. शाई लागल्यावर शिक्का तिरका धरून उजेडात पाहावा. सगळ्या रेघांवर ओलसर चमक सारखी दिसली पाहिजे, आणि रेघांमध्ये शाईचे डबके दिसले तर ती जादा झाली आहे असे समजावे. पारदर्शक शिक्का असेल तर कागदाखाली पातळ फोमची चटई किंवा आठ-दहा कागदांची थप्पी ठेवावी, कारण या शिक्क्याला स्वतःची गादी नसते. रबरी शिक्का मात्र टणक, सपाट पृष्ठभागावर चांगला उमटतो.

आता शिक्का कागदावर सरळ खाली आणावा, टेकल्यानंतर हलवू नये, एका हाताने स्थिर धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी ठोकळ्याच्या मध्यापासून कोपऱ्यांपर्यंत क्रमाने दाब द्यावा, दोन-तीन सेकंद थांबावे आणि कागद एका हाताने दाबून धरत शिक्का सरळ वर उचलावा. शिक्का मागेपुढे डोलवण्याची सवय अनेकांना असते. पूर्ण दाब मिळावा हा त्यामागचा हेतू असला तरी त्याने कडेला दुहेरी रेघ उमटते. अर्धवट उमटलेला ठसा पुन्हा नेमका त्याच जागी आणायचा असेल तर बिजागरीच्या झाकणाचे स्टॅम्प पोझिशनर नावाचे साधन फार उपयोगी पडते. कागद लोहचुंबकाने खाली स्थिर राहतो, शिक्का झाकणाला चिकटलेला असतो, आणि झाकण कितीही वेळा मिटले तरी तो त्याच रेघेवर उतरतो. यंत्रांपैकी एकच काही घ्यायचे झाले तर मी डाय मशीनच्या आधी हे घ्यायला सांगेन.

फिकट ठसा हवा असेल तर शाई लावलेला शिक्का आधी रद्दी कागदावर एकदा उमटवावा आणि पुन्हा शाई न लावता खऱ्या कागदावर दाबावा. एकाच हिरव्या पॅडवरून पहिल्या दाबाची गडद आणि दुसऱ्या दाबाची फिकी अशी पाने आळीपाळीने उमटवली, तर जवळची आणि लांबची पाने असल्याचा भास निर्माण होतो.

याहून अधिक खोली हवी असेल तर झाकण पद्धत वापरावी, आणि ती एकदा तरी सावकाशीने करून पाहावी. समजा, फुलाच्या मागून पान डोकावताना दाखवायचे आहे. जे पुढे आहे ते आधी उमटवायचे, म्हणजे प्रथम फूल. मग तेच फूल मागे हलका गोंद असलेल्या चिठ्ठीच्या एका कागदावर, गोंदाची पट्टी ठशाच्या मागे येईल असे उमटवायचे आणि ते फूल रेघेच्या अगदी आतून कापायचे. हे कापलेले फूल मूळ फुलावर बरोबर बसवून आता पानाचा शिक्का अर्धा त्याच्यावर आणि अर्धा मोकळ्या कागदावर पडेल असा दाबायचा. झाकण उचलले की पान फुलाच्या मागे गेलेले दिसते. झाकण रेघेबाहेर कापले तर फूल आणि पान यांच्यामध्ये पांढरी फट राहते, म्हणून कात्री रेघेच्या आतल्या अंगाने चालवायची. ती झाकणे रिकाम्या पाकिटात शिक्क्याच्या नावासह जपून ठेवावीत, पुन्हा पुन्हा कामी येतात.

उष्णतेने उठाव

या कलेतला माझा सर्वांत आवडता भाग हाच आहे. त्यासाठी सावकाश वाळणारी पिगमेंट शाई किंवा रंगहीन चिकट शाई, एम्बॉसिंग पावडर (उष्णतेने वितळून उठाव देणारी बारीक पूड) आणि हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारे हातयंत्र) लागते. केस वाळवण्याचे यंत्र येथे चालत नाही, कारण त्याचा झोत जोरदार आणि उष्णता कमी असते, त्यामुळे पावडर वितळण्याआधीच उडून जाते.

प्रथम कागदावरून टाल्कम पावडर भरलेली छोटी कापडी पुरचुंडी हलकेच फिरवावी. बोटांचा तेलकटपणा आणि कागदावरील स्थिर वीज यांमुळे पावडरचे कण नको तेथे चिकटतात, ते याने टळते. मग ठसा उमटवून, शाई ओली असतानाच त्यावर भरपूर पावडर ओतावी, कागद उभा धरून मागून टिचकी मारावी आणि सांडलेली पावडर खाली ठेवलेल्या दुमडीच्या कागदावरून पुन्हा बाटलीत भरावी. इकडे तिकडे राहिलेले कण कोरड्या बारीक ब्रशने आत्ताच काढावेत, कारण वितळल्यावर ते निघत नाहीत.

हीट गन कागदावर रोखून सुरू करू नये. आधी ती बाजूला धरून काही सेकंद तापू द्यावी. कागद चिमट्यात धरावा, खाली उष्णता सहन करणारा पृष्ठभाग असावा, आणि गन पाच ते सात सेंटीमीटर अंतरावर ठेवावी. सुरुवातीला काहीच घडत नाही. मग एका कोपऱ्यात पिठासारखी कोरडी, मंद दिसणारी रेघ अचानक ओली होऊन चमकते, आणि ती चमक गनच्या मागोमाग रेघेवरून पुढे सरकत जाते. जेथे चमक आली तेथे क्षणभरही न थांबता पुढे जावे. जास्त तापवले तर वितळलेली पावडर कागदात मुरते, उठाव बसतो आणि रेघेभोवती तेलकट सावली येते. कमी तापवले तर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा राहतो, पण तो पुन्हा ऊब देऊन दुरुस्त होतो. म्हणून चूक करायचीच झाली तर ती कमी तापवण्याची करावी. कागद वाकला तर मागच्या बाजूनेही थोडी ऊब द्यावी आणि पूर्ण गार झाल्यावर जाड पुस्तकाखाली ठेवावा.

गडद निळ्या किंवा काळ्या कागदावर पांढऱ्या पावडरचा मजकूर इतका ठसठशीत दिसतो की दुसऱ्या सजावटीची गरजच पडत नाही. पांढऱ्या कागदावर रंगहीन पावडरचा उठाव करून त्यावरून ओल्या ब्रशने जलरंग फिरवला, तर उठावाच्या रेघेवर रंग टिकत नाही, तो बाजूला सरकतो आणि न दिसणारे चित्र पांढऱ्या रेघांत प्रकट होते.

पंच आणि डाय

पंचाने गोल, पाने किंवा कडेची नक्षी कापता येते. पंच उलटा धरला तर आरपार पाहून ठशाच्या नेमक्या जागी तो बसवता येतो. त्याची धार बोथट झाली तर ॲल्युमिनियम फॉइलच्या दोन-तीन घड्यांतून तो काही वेळा चालवावा, आणि तो अडकू लागला तर मेणकागदातून. डाय मशीनमध्ये धातूचा साचा आणि कागद दोन पट्ट्यांच्या मध्ये ठेवून रोलरखालून काढतात. पट्ट्या एकाच बाजूने वापरल्या तर कमानीसारख्या वाकतात, म्हणून दरवेळी उलटून घालाव्यात. एवढे सोडले तर मशीनसोबतच्या सूचना पुरेशा असतात.

जुळणी

कार्ड १०५ × १४८ मिलिमीटरचे असेल, तर त्यावरचा रंगीत थर ९९ × १४२ आणि त्यावरचा ठशाचा तुकडा ९३ × १३६ मिलिमीटरचा कापावा, म्हणजे प्रत्येक थराभोवती तीन मिलिमीटरची सारखी कड दिसते. ही कड एका बाजूला एक मिलिमीटरने जरी कमी-जास्त झाली तरी डोळ्याला खटकते, म्हणून चिकटवण्याआधी सगळे थर नुसतेच एकावर एक ठेवून पाहावेत.

टेप चिकटताच जागा पक्की होते. जागा जुळवायला वेळ हवा असेल तर पांढऱ्या द्रव गोंदाचे बारीक थेंब वापरावेत, त्यावर तुकडा काही सेकंद सरकवता येतो. मात्र द्रव गोंद जास्त झाला तर पातळ कागदाला सुरकुत्या पडतात. कांडीचा गोंद कडांवर काही महिन्यांत सुटतो, असा माझा अनुभव आहे. एखादे फूल उचलून दाखवायचे असेल तर त्याच्यामागे फोम टेप लावावी, पण पाकळ्यांच्या टोकांखालीही आधार द्यावा, नाहीतर लिफाफ्यात ती टोके दबून वाकतात. मजकूर वेगळ्या अरुंद पट्टीवर उमटवून ती पट्टी चित्रावर लावणे केव्हाही चांगले, कारण सर्वाधिक तिरके पडणारे शिक्के मजकुराचेच असतात, आणि पट्टी अक्षरांना समांतर कापली की तिरकेपणा आपोआप नाहीसा होतो.

काम संपताच शिक्के धुवावेत. पाण्याने भिजवलेल्या मऊ कापडाने डाय आणि पिगमेंट शाई निघते, तर सॉल्व्हंट शाईला तिचा वेगळा क्लीनर लागतो आणि तो पारदर्शक शिक्क्यांना हानी पोचवू शकतो, म्हणून ती शाई रबरी शिक्क्यांसाठीच ठेवावी. पारदर्शक शिक्के उन्हात पिवळे पडतात. त्यांची जागा बंद डब्यात.

कार्ड गडद रंगाचे असेल तर आत लिहिण्यासाठी फिकट कागदाचे पान लावावे. कार्डापेक्षा चारी बाजूंनी चार-पाच मिलिमीटर लहान पान कापून त्याची फक्त घडीजवळची कड चिकटवावी, पूर्ण पान चिकटवले तर कार्ड मिटताना त्याला घड्या पडतात. लिहायचे पेन आधी त्याच कागदाच्या उरलेल्या तुकड्यावर चालवून, मिनिटभराने अंगठ्याने पुसून पाहावे. कार्ड लिफाफ्यात ठेवून पाहावे, आणि फोमच्या उंचीमुळे लिफाफा फुगत असेल तर एक माप मोठा लिफाफा घ्यावा. गोंद आणि शाई पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे निदान एक रात्र, लिफाफा उघडाच ठेवावा.